सरकारची पेन्सिल

बॉन्टेह्यूवेल, केप टाउन
रविवार, १६ जानेवारी १९९४

आदरणीय मॅडम लोम्बार्ड यांच्या सेवेशी,

आपली जुनी मोलकरीण गर्टी हिचा वाकून सलाम. साहेबांची तब्येत बरी असेल, कुत्रा बरा असेल, ओसरीवरची फुलझाडं बरी असतील.

झालं? तुझा नवरा सारेल खांद्यावरून डोकावत असला तर एवढं वाचून पेपराकडे वळला असेल. आता बस खाली आणि ऐक, एव्हरिल.

अठ्ठावीस वर्षं मी तुला मोलकरीण बनून पत्रं लिहितेय. सख्खी थोरली बहीण असून. आपल्या आईचा फोटो तू 'आमची जुनी स्वयंपाकीण' म्हणून दिवाणखान्यात ठेवलास, तेव्हाही मी गप्प बसले. म्हटलं, निदान फ्रेम तरी चांदीची आहे. पण आता गप्प बसण्यासारखं राहिलेलं नाही.

सत्तावीस एप्रिलला मतदान आहे. सगळ्यांचं. एकच दार, एकच रांग. पोस्टाला दोन दारं, स्टेशनाला दोन जिने आणि समुद्रालासुद्धा दोन किनारे वाटून देणारं हे सरकार. माणसं एका रांगेतही उभी राहू शकतात, हे त्याला आत्ता कळलं. आणि मानं, आपल्या आईनं, बायबलवर हात ठेवून शपथ घेतलीय (माझ्या बायबलवर, तिचं झिजेल म्हणून), "माझ्या दोन्ही पोरी माझ्याबरोबर उभ्या राहिल्या तर मत देईन. नाहीतर ज्याला राज्य करायचं त्यानं करावं, मी धुणं धुवायला बसते."

मी म्हटलं, मा, म्हाताऱ्यांची आदल्या दिवशी वेगळी सोय आहे, खुर्च्यांसकट. तर अंगावर धावली. "पुन्हा वेगळी रांग? एक्याऐंशी वर्षं आणि काय केलं मी?"

डॉक्टर म्हणतात, हृदय जुन्या शिवणयंत्रासारखं झालंय. चालतंय तोवर चालेल, पण पुढच्या निवडणुकीचं नाव काढू नका.

पेन्सिल विसरली नसशील. एकोणीसशे सहासष्ट. माणसांचा वंश ठरवणाऱ्या त्या कचेरीत आपण दोघी, एका आईच्या, एका बापाच्या. त्या बाबूनं तुझ्या केसांत पेन्सिल खोवली, "मान हलव" म्हणाला, आणि ती टपकन खाली. तू गोरी. माझ्या केसांत खोवली. मी मान हलवली, कंबर हलवली, शेवटी उड्या मारल्या, पण ती जागची हलेना. मी 'रंगीत', म्हणजे मिश्र रक्ताची. दोन मिनिटांत दोन जाती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि मी पेन्सिलीसकट घरी आले. बसमध्ये एका बाईनं सांगितलं तेव्हा कळलं. अजून आहे ती माझ्या शिवणाच्या डब्यात. सरकारी मालाची चोरी करून मी इतकी वर्षं मोकळी फिरतेय, हा या सरकारचा एकमेव गाफीलपणा.

ये. नवऱ्याला सांगून ये, न सांगता ये, पण ये.

आपली आज्ञाधारक,
गर्टी फेब्रुवारी

ता.क. फेब्रुवारी आडनावाच्या घरात एप्रिलमध्ये जन्मलीस म्हणून पपानं तुझं नाव एव्हरिल ठेवलं आणि आयुष्यभर स्वतःच्याच विनोदावर हसला. निदान एप्रिलची तरी लाज राख.

•

क्रूनस्टाट
२ फेब्रुवारी १९९४

गर्टे,

असं पत्र पुन्हा पाठवू नकोस! पाठव, पण असं नको. मी ते स्वयंपाकघरात वाचलं, मग पिठाच्या डब्यात लपवलं, आणि रविवारच्या केकमध्ये तुझा एक कोपरा गेला. सारेल म्हणाला, आज केकला काहीतरी वेगळीच चव आहे.

इथे सगळ्यांचं डोकं फिरलंय. शेजारची हेस्टरमावशी रोज दुकानातून मेणबत्त्या आणि सार्डिन माशांचे डबे आणते. म्हणते, सत्तावीसला आभाळ कोसळणार. दोनशे डबे झालेत. बाथटबमध्ये पाणी भरून ठेवलंय, आत्तापासून. म्हणून आंघोळ आमच्याकडे करते आणि टॉवेल आमचाच वापरते.

माला सांग... काय सांगशील? मी कशी येऊ? एकटी निघाले तर सारेल विचारेल, मोलकरणीच्या आईसाठी बाराशे किलोमीटर? आणि खरं सांगितलं तर? तू त्याला पाहिलेलं नाहीस. माझा सारेल म्हणजे अस्सल बोअर, डच वंशाचा गोरा. रेल्वेच्या यार्डात फोरमन. त्यानं शिट्टी मारली की इंजिनं अदबीनं उभी राहतात. लहानपणीच पोरका झाला, मागे-पुढे कोणी नाही, एकट्याच्या हिमतीवर वर आला. वरचे पुढचे चार दात त्यानं रग्बीच्या मैदानात गावासाठी दिले! तेव्हापासून कवळी. सव्वीस वर्षांत एकदाही मी त्याला कवळीशिवाय पाहिलेलं नाही. म्हणतो, पुरुषाचीही काही अब्रू असते. झोपायच्या आधी पाऊण तास बाथरूमला कडी लावून बसतो. मग माझा पाऊण तास. आपल्याकडे सगळ्या बाया घालतात तसा नायलॉनचा मोजा मी डोक्यावर घट्ट चढवते, म्हणजे केस सकाळी सरळ निघतात. वरून रुमाल. त्याला सांगितलंय, माझी अर्धशिशी. बिचारा सव्वीस वर्षं माझ्या अर्धशिशीसाठी प्रार्थना करतोय.

अशा माणसाला सांगू, की तुझी बायको गोरी नाही, तिच्या केसांतून एक पेन्सिल पडली होती एवढंच? कायदा गेला म्हणतात. कागदावरून गेला असेल. पण त्यानं दार उघडून मला 'जा' म्हटलं तर, गर्टे? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी कोण म्हणून बाहेर पडू?

तुझी,
ए.

•

बॉन्टेह्यूवेल
१४ फेब्रुवारी १९९४

एव्हरिल,

चार? मोजून चार? वरचे? पुढचे? ओळीनं?

तुझं पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडलं. दातांपाशी आले आणि घास नरड्यात अडकला. बायांनी पाठीत गुद्दे घालून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "माझ्या ओळखीची एक गोरी बाई आहे, तिच्या नवऱ्याचे वरचे पुढचे चार दात रग्बीत गेले." कॉलरी शिवणाऱ्या सोफायाच्या नाकातून चहा आला. मुकादम धावत आला, त्याला वाटलं संप.

अगं वेडे, रग्बीत दात जातात ते कसे? एक इथला, दीड तिथला, एखादा अर्धा. चेंडू काय मोजून, ओळीनं, कडा जुळवून दात काढतो? तसे चार दात या जगात एकाच मुलखात जातात, आणि तिथं तू जन्मलीस! सोळावं सरलं की आपल्याकडची पोरं कुठं धावायची? दातवाल्याकडे. चांगले धडधाकट दात द्यायचे उपटून, आणि मग त्या खिंडीतून हसत पोरींच्या मागे फिरायचे. आपल्या भावानं, बेनीनं, काढले तेव्हा पपानं त्याला महिनाभर नुसती कणसं खायला घातली, ते विसरलीस? गोऱ्यांत इतकी वर्षं राहिलीस की अक्कलही गोरीमोरी झाली तुझी.

योगायोग म्हणशील. ठीक आहे, परीक्षा घे. सरकारच्या पेन्सिलीपेक्षा पक्की परीक्षा सांगते. दोन जानेवारीच्या मिरवणुकीचा ढोलाचा ताल आठवतो ना? आपल्या गल्लीतलं पोर चालायच्या आधी त्या तालावर डुलायला शिकतं. स्वयंपाक करता करता पातेल्यावर चमच्यानं तो ताल धर. तोंडाकडे बघू नकोस, तोंड शिकवता येतं. पायांकडे बघ.

आपली आज्ञाधारक (आणि हसून हसून बरगड्या दुखावलेली),
गर्टी

•

क्रूनस्टाट
६ मार्च १९९४

गर्टे, गर्टे, काय करून बसले मी!

काल जेवायच्या वेळी मी बटाट्याच्या पातेल्यावर ताल धरला. आधी हळूच. तो पेपर वाचत होता. पेपर हलला नाही. म्हटलं, गर्टी मूर्ख आहे. मग जरा जोर केला, मधला तो लचकता ठोका घेतला. आणि टेबलाखाली, देवाशपथ, त्याचा डावा पाय. आधी टाच. मग चवडा. मग दोन्ही पाय, मग गुडघे, मग पेपराच्या वरच्या कडेतून त्याचे खांदे! पेपर मात्र सरळ. वरून फोरमन, खालून मिरवणूक.

मला इतकं हसू आलं की चमचा थांबला. तोही थांबला. पेपर खाली आला. आम्ही एकमेकांकडे असे बघत राहिलो की जणू दोघांनी मिळून चर्चमधली दानपेटी फोडलीय. तो पांढराफटक पडला. (पडला म्हणजे, होता त्याहून.) म्हणाला, "हा ताल तू कुठं ऐकलास?" मी म्हटलं, "आमच्या मोलकरणीकडून." मी विचारलं, "आणि तू?" तो म्हणाला, "रेडिओवर." उठला, टोपी घातली आणि यार्डात गेला. आज रविवार असूनही गेलाय. चर्चलासुद्धा आला नाही.

मला आता वाटतंय की तो कोण आहे याचा नाही, मी कोण आहे याचा त्याला पत्ता लागलाय. वकिलाकडे जाईल. पाद्र्याकडे जाईल. हेस्टरमावशी आंघोळीला आली होती, तिनं विचारलं, "साहेब कुठं?" मी रडायला लागले, तर तिनं मला सार्डिनचा एक डबा दिला. यावरून ओळख प्रकरण किती गंभीर आहे.

ए.

•

क्रूनस्टाट, रेल्वे यार्ड
९ मार्च १९९४

गर्टी,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझ्या मॅडमचा नवरा. तिच्या टेबलावरच्या पाकिटावरून तुझा पत्ता घेतला. पत्र उघडलेलं नाही, दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही. तू त्यांच्या घरातली जुनी, इमानी मोलकरीण आहेस असं ती सांगते. मोलकरणीला असंच लिहितात म्हणून तुला 'तू' म्हणतोय, पण पुढचं लिहायला घेतलं आणि हात अडखळला. तेव्हा, गर्टीबाई, तुम्ही मला क्षमा करा.

मी तुमच्यातलाच आहे. केपजवळच्या पार्ल गावचा. लोम्बार्ड हे नाव मी रेल्वेत लागताना एका मालगाडीवरच्या पेट्यांवरून उचललं. माझं खरं आडनाव सप्टेंबर, आपल्या गुलाम पूर्वजांना मालकांनी दिलं तसं, महिन्याचं. गोऱ्यांच्या जागेवर भरती होती, मी टोपी डोळ्यांवर ओढून उभा राहिलो, कारकुनानं वर न बघता शिक्का मारला. त्या दिवशी त्याला सर्दी नसती तर मी आज फोरमन नसतो. माझी आई पार्लमध्ये वारली तेव्हा मी इथे इंजिन हलवत होतो. मला ते चार महिन्यांनी कळलं.

एव्हरिल मात्र खरी गोरी, खानदानी. तिच्या घरी स्वयंपाकीण होती. मी तिला फसवलं. मूल झालं नाही, म्हणजे मीच होऊ दिलं नाही. माझ्या बापाचे केस घेऊन पाळण्यात कोण येईल, ही धास्ती. तिनं कधी हट्ट धरला नाही. 'देवाची इच्छा' म्हणाली आणि उलट मलाच धीर दिला. इतकी सोशिक बाई. परवा तिनं तुमच्याकडून शिकलेला ताल वाजवला आणि माझ्या पायांनी मला दगा दिला.

मला आता लपायचा कंटाळा आलाय. सत्तावीस तारखेला मला सप्टेंबर म्हणून रांगेत उभं राहायचंय. पण ती मोडून पडेल. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. कसं सांगू?

आपला,
सारेल सप्टेंबर (हे नाव तीस वर्षांनी लिहितोय, अक्षर नीट आलेलं नाही)

•

बॉन्टेह्यूवेल
१८ मार्च १९९४

माननीय साहेब,

आपलं पत्र पोचलं. गरीब मोलकरीण काय सल्ला देणार? पण मॅडमचा स्वभाव मला ठाऊक आहे. घरात सांगाल तर त्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावतील. म्हणून गाडीत सांगा. चालत्या गाडीतून बाई कुठं जाणार? आणि गाडी केपच्या दिशेनं चालू द्या. सव्वीस तारखेला निघा, वाटेत मुक्काम करा, सत्तावीसला सकाळी सातपर्यंत आमच्या शाळेपाशी या. मॅडमच्या मनाची तयारी मी करून ठेवते.

गर्टी

•

बॉन्टेह्यूवेल
१८ मार्च १९९४

एव्हरिल,

रडणं बंद कर. वकील नाही, पाद्री नाही. सारेल तुला म्हणेल, चल केपला जाऊ. का म्हणून विचारू नकोस, बॅग भर. आणि गाडीत त्याला सगळं सांगून टाक. गाडी चालवणाऱ्या माणसाला दोन्ही हात चाकावर ठेवावे लागतात, तेव्हा भ्यायचं कारण नाही. त्याच्या मनाची तयारी मी करून ठेवते.

मा रोज पायऱ्या चढ-उतर करून रांगेचा सराव करतेय. काल शेजारणीला म्हणाली, "आम्ही तिघी जाणार." शेजारीण म्हणाली, "तिसरी कोण?" मा म्हणाली, "बघशील."

आता नाही आलीस तर तिला तोंड तू दाखव.

गर्टी

•

क्रूनस्टाट
४ मे १९९४

गर्टे, भामटे, दगाबाज, कुटणे,

रांगेत आपण एवढ्या हसत होतो की रस्त्यातली गंमत तुला सांगायची राहून गेली.

ब्लूमफोंटेनपर्यंत दोघंही गप्प. मी तोंड उघडलं की तो म्हणायचा, "मला तुला काहीतरी सांगायचंय," आणि तो उघडणार की मी म्हणायचे, "थांब, आधी मी." मग दोघं थांबायचो आणि कोणीच बोलायचं नाही. असे साडेआठशे किलोमीटर! बोफर्ट वेस्टच्या पुढे एक ट्रक आडवा गेला, त्यानं करकचून ब्रेक दाबला, त्याला शिंक आली, आणि गर्टे, कवळी उडून काचेवर आपटली आणि माझ्या मांडीवर पडली.

मी कवळीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्यानं तोंडावर हात धरला होता. मी म्हटलं, "हात काढ." त्यानं काढला. आणि समोर आपला बेनी! आपली अख्खी गल्ली! मी हसायला लागले, तर तो बिचारा म्हणतो, "एव्हरिल, मी तुला फसवलं, मी गोरा नाही." दातांशिवाय ते इतकं शिट्टीसारखं वाजलं की मला बोलताच येईना. मी नुसती बॅग उघडली, मोजा काढला आणि भर दुपारी, भर रस्त्यात डोक्यावर चढवला.

तो म्हणाला, "आणि अर्धशिशी?"

आम्ही गाडी कडेला घेतली. बॉनेटवर एका बाजूला कवळी, दुसऱ्या बाजूला मोजा, मध्ये आम्ही दोघं. हसून झाल्यावर तो म्हणाला, "मग ते मूल?" मी म्हटलं, "मलाही तीच भीती होती." देवाच्या नावावर आम्ही दोघांनी काय काय खपवलं, गर्टे. एकाच पाळण्याला आम्ही दोन्हीकडून भ्यायलो.

सकाळी आधी घरी पोचलो तेव्हा तू पहाटेपासून रांगेत आमची जागा धरून होतीस, म्हणून फाटकातलं तू पाहिलं नाहीस. मा निळी टोपी घालून उभी. मला मिठी मारली नाही, रडली नाही. माझ्या खांद्यावरून सारेलकडे बघून म्हणाली, "तोंड उघड." तो आयुष्यभर लोकांना हुकूम सोडणारा माणूस, त्यानं मुकाट्यानं आ केला. मानं चष्मा वर करून नीट पाहिलं. म्हणाली, "पार्लचं काम. तिथला दातवाला डावीकडे नेहमी जरा जास्त ओढायचा. ये जावईबापू, कॉफी झालीय." मग माझा हात धरला आणि तो मतदानाच्या खोलीपर्यंत सोडला नाही.

परत आलो तर हेस्टरमावशी वाट बघत होती. "काहीच कसं झालं नाही?" म्हणून घुश्शात. आभाळ जागच्या जागी आणि घरात दोनशे डबे सार्डिन. मी तिचा हात धरून तिला फोटोपाशी नेलं. म्हटलं, "ही स्वयंपाकीण नाही. माझी आई आहे." ती फोटोकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मला वाटायचंच. स्वयंपाकिणीला चांदीची फ्रेम कोण करतं?" आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. तिच्या घरचा बाथटब आता रिकामा आहे, पण म्हणते, सवय झाली.

सारेल घरात कवळी घालत नाही. मका खाता येत नाही, पण शिट्टी झकास वाजते. दाराची कडी काढून टाकलीय.

आणि एक सांग. मतदानाच्या खोलीत मी आडोशामागे इतका वेळ रडत बसले की बाहेर काय गलका झाला ते कळलंच नाही. मा इतकी का हसत होती? विचारलं तर म्हणते, गर्टीला विचार.

तुझी बहीण,
एव्हरिल

•

बॉन्टेह्यूवेल
११ मे १९९४

एव्हरिल,

पाकिटावर मागच्या बाजूला काय लिहिलंय ते पोस्टमनला मोठ्यानं वाचायला लाव. 'प्रेषक : थोरली बहीण.'

कारखान्यात सगळ्यांना कळलंय. सोफाया म्हणते, फेब्रुवारीची पोर सप्टेंबरला दिली तरी मधले सहा महिने कुठं गेले म्हणून विचार. मी म्हटलं, सरकारला विचार.

आता गलका. आदल्या दिवशी मानं माझा शिवणाचा डबा मागितला. मला वाटलं, बटण लावायचंय. रांगेत आपण साडेपाच तास उभ्या होतो, तेव्हा तिची पर्स तिनं एकदाही माझ्याकडे दिली नाही. तू आडोशामागे गेलीस, तिची पाळी आली, तशी टेबलावरच्या पोरीनं मतपत्रिका हातात दिली आणि म्हणाली, "आजी, आत पेन्सिल ठेवलीय." मा म्हणाली, "माझी आणलीय," आणि पर्समधून ती पिवळी पेन्सिल काढली. मागच्या टोकाला दातांचे ठसे आहेत ना, त्या बाबूच्या, तीच. घरून टोक करून आणली होती.

कोणाला मत दिलं ते विचारू नकोस, मी विचारलं तर मला पर्स मारली. फुली मात्र इतक्या जोरानं मारली की टेबल हललं. मतपत्रिका पेटीत टाकली, टोपी सारखी केली आणि निघाली. दारापर्यंत पोचतो तोच ती पोरगी धावत मागे. "आजी, आजी! तुमची पेन्सिल राहिली!"

मा वळली. अख्खी रांग ऐकत होती.

"माझी नाही गं बाई ती," मा म्हणाली. "तुमच्याच सरकारची आहे. माझ्या पोरीच्या केसांत राहिली होती."